वाचकांचे प्रश्न : लेप कडक हवा की जाड?

पावसाळा सरला की या सदराकडे गंजाची आणि झिजेची पत्रे एकदम वाढतात, आणि त्यातली बरीचशी ठाणे-बेलापूर पट्ट्यातून, तळोज्यातून आणि खाडीकाठच्या वसाहतींतून येतात. बहुतेक पत्रांत शेवटी एकच विचारलेले असते : लेप किती कडक घेऊ आणि किती जाड घेऊ? मला त्याआधी एक गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते, की तो भाग नेमका कशाने गेला? खाऱ्या पाण्याने, वाळूने, घासून की धातू धातूला चिकटून? या चारांना उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे जातात व बिघाड तसाच राहतो. या वेळी निवडलेल्या पाच पत्रांत हे चारही प्रकार आले आहेत.

प्रश्न : रबाळे औद्योगिक क्षेत्रात आमचे हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. उरणच्या बाजूला उघड्या यार्डात उभ्या असणाऱ्या यंत्रांचे पिस्टन रॉड आमच्याकडे येतात. ते ग्राइंड करून बाहेरून २५ ते ३० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) हार्ड क्रोम, म्हणजे विजेने चढवलेला क्रोमियमचा कडक थर, मारून घेतो. छताखालच्या यंत्रांवर हेच काम वर्षानुवर्षे टिकते. यार्डातल्या यंत्रांवर मात्र एका पावसाळ्यात टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस फोड येतात, सील कापले जाते आणि तेल गळू लागते. क्रोम ६० मायक्रॉन केला तर भागेल का? — एक वाचक, रबाळे

उत्तर : आपण पत्रासोबत रॉडचा हातभर तुकडा पाठवलात, त्यामुळे अंदाजावर बोलावे लागत नाही. दहापट भिंगाखाली पाहिले तर रॉडवर लांबीच्या दिशेने ओरखडे जवळजवळ नाहीत. फोड आहेत ते सगळे एकाच बाजूच्या लांबीवर. साधारण बोटभर रुंदीच्या एका सरळ रेषेपलीकडे क्रोम आरशासारखा स्वच्छ आहे. ती रेषा म्हणजे यंत्र उभे असताना ग्लँड (सील धरणारे सिलिंडरचे तोंड) जिथे येते ती जागा, हे उघड आहे. म्हणजे आपला रॉड झिजलेला नाही, तो गंजला आहे. आणि गंजला आहे तोही फक्त उघड्यावर राहिलेल्या भागात.

दोन फोडांच्या मधल्या चांगल्या दिसणाऱ्या जागेवर मी मीठ आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या पाण्यात भिजवलेला टिपकागद दहा मिनिटे दाबून ठेवला. जिथे द्रव खालच्या लोखंडापर्यंत पोहोचतो तिथे कागदावर निळा ठिपका उमटतो. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत मला अकरा ठिपके मोजता आले. ही चाचणी आपल्याही वर्कशॉपमध्ये करता येईल. मात्र हातमोजे घालावेत आणि त्या द्रावणात आम्ल चुकूनही पडू देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटू शकतो.

कारण असे आहे की हार्ड क्रोम बसता बसताच त्याच्यात ताण साठतो आणि तो स्वतःच तडकत जातो. आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा सूक्ष्म भेगांचे जाळे त्याच्यात असते. छताखाली या भेगा उपकारकच ठरतात, कारण त्यांत तेल धरून राहते. यार्डात मात्र त्याच भेगांतून खारे पाणी पोलादापर्यंत उतरते. क्रोमच्या पृष्ठावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असल्याने क्रोम विरघळत नाही, विरघळते ते भेगेच्या तळाशी उघडे पडलेले सुईच्या टोकाएवढे पोलाद. मोठ्या क्रोमच्या पृष्ठाचा सगळा विद्युत-रासायनिक भार त्या एवढ्याशा जागेवर पडतो, म्हणून खड्डा पसरण्याऐवजी खोल जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचा क्रोम उचलला जातो आणि त्याची धारदार कड सील कापते.

आता आपला मूळ प्रश्न. जाडी वाढवली तर थोडा फरक पडेल, कारण खालच्या थरातली भेग वरच्या थरातल्या भेगेच्या नेमकी समोर येतेच असे नाही आणि पाण्याची वाट वाकडी होते. पण वाट बंद होत नाही. ६० मायक्रॉनसाठी दुपटीने पैसे मोजून आपण तोच बिघाड काही महिने पुढे ढकलाल. शिवाय जाड क्रोमने रॉडची वारंवार येणारा ताण सोसण्याची ताकद कमी होते, हे वेगळेच.

माझा सल्ला असा की तेवढ्याच खर्चात क्रोमच्या खाली निकेल घ्या. २५ ते ३० मायक्रॉन निकेल आणि त्यावर २० ते २५ मायक्रॉन क्रोम. निकेलचा थर न तडकता बसतो, म्हणून पाणी अडवण्याचे काम तो करतो आणि घर्षण सोसण्याचे काम क्रोम करतो. विजेशिवाय, रासायनिक पद्धतीने बसणारे निकेल घ्यायचे असेल तर फॉस्फरस १० टक्क्यांहून जास्त असलेले मागा. ते सगळीकडे सारख्या जाडीचे बसते आणि खाऱ्या पाण्याला चांगले टिकते. एक चूक मात्र वारंवार पाहिली आहे. हे निकेल ४०० अंश सेल्सिअसला तापवले की त्याचा कडकपणा सुमारे ५०० विकर्सवरून (विकर्स हे कडकपणाचे माप) ९०० च्या वर जातो, म्हणून प्लेटिंगवाले कौतुकाने ते तापवून देतात. त्या तापवण्यात त्याची गंजरोधकता घटते. आपल्याला इथे कडकपणा नको आहे, तो वरचा क्रोम देणारच आहे. तेव्हा हे तापवणे नको असे चलनावरच लिहून द्या.

ते तापवणे वेगळे आणि हायड्रोजन घालवण्यासाठी केलेले बेकिंग वेगळे. प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो आणि जास्त ताकदीचे किंवा वरून हार्डन केलेले पोलाद त्याने ठिसूळ होते. म्हणून प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत रॉड साधारण १९० ते २२० अंशांवर काही तास ठेवायचा असतो. हे तापमान रॉडच्या मूळ टेंपरिंगच्या (हार्डन केल्यावर ठिसूळपणा काढण्यासाठी पुन्हा तापवण्याच्या) तापमानाखालीच राहिले पाहिजे, नाहीतर हार्डन केलेला थर मऊ पडेल.

गिऱ्हाईक जास्त खर्च करायला तयार असेल तर एचव्हीओएफ पद्धतीने टंगस्टन कार्बाइडचा फवारा हा क्रोमहून सरस मार्ग आहे. त्यात कोबाल्ट १० आणि क्रोमियम ४ टक्के असलेली पूड वापरतात. ती आवाजाहून वेगवान ज्वालेच्या झोतातून येऊन पृष्ठावर आदळते आणि एक टक्क्याहूनही कमी छिद्रे असलेला थर बसतो. पण तो हिऱ्याच्या चाकानेच ग्राइंड होतो, आणि पुरेसा गुळगुळीत केला नाही तर त्यातले कार्बाइडचे कण कानशीसारखे सील खातात. ही शेवटची पॉलिश करण्याची सोय आहे का, हे आधी विचारल्याशिवाय काम देऊ नका.

यंत्र उभे करताना रॉड आत घेऊन ठेवायला यार्डातल्या ऑपरेटरांना सांगा, आणि जिथे ते शक्य नाही तिथे गोड्या पाण्याने धुऊन ग्रीसचा हात फिरवून ठेवू द्या. यात कसलाही खर्च नाही आणि फरक पहिल्याच पावसाळ्यात दिसेल.

क्रोमचे काम कुणाकडे देता तेही पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. क्रोमच्या टाकीत सहा-संयुजी क्रोमियम असते. त्याची वाफारलेली फवार कामगाराच्या नाकातल्या पडद्याला भोक पाडते आणि त्याने कर्करोग होतो हे निर्विवाद ठरलेले आहे. टाकीवर धूर ओढणारा हूड चालू आहे का आणि सांडपाण्यातले क्रोमियम तीन-संयुजी करून, चुन्याने खाली बसवून मगच पाणी सोडले जाते का, हे डोळ्यांनी पाहून या. आपले नाले ठाणे खाडीला मिळतात, आणि २०२२ पासून ती खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर इमारतींच्या पायांचे खड्डे उपसण्यासाठी मी पंप भाड्याने देतो. पाण्यात रेती असते. कास्ट स्टीलचा इंपेलर (पंपातले पाणी फेकणारे पात्यांचे चाक) लवकर जातो म्हणून त्याला हार्ड क्रोम मारला, तो वीस दिवसांत पात्यांच्या टोकावरून निघून गेला. एक जण टंगस्टन कार्बाइड म्हणतो, एक जण रबर. कुणाचे ऐकू? — एक वाचक, कासारवडवली

उत्तर : आधी रेती तपासावी. जुन्या कानशीचे पाते एका जागी घासून गुळगुळीत करा, रेतीचा मोठासा दाणा पकडीत धरून त्यावर जोराने ओढा. चरा उमटला तर तो बहुधा क्वार्ट्झचा दाणा आहे, म्हणजे नदीची किंवा खाडीची रेती. नुसताच दाणा भुगा झाला तर ती आपल्या काळ्या दगडाची कच असण्याचा संभव जास्त. काळ्या दगडातली खनिजे काचेला ओरखडतात, पण चांगल्या कानशीला सहसा ओरखडत नाहीत.

हे महत्त्वाचे अशासाठी, की क्वार्ट्झचा कडकपणा सुमारे १,१०० विकर्स असतो आणि हार्ड क्रोमचा साधारण ८५० ते १,०००. पृष्ठ दाण्याहून मऊ असेल तोवर झीज भरमसाट होते आणि पृष्ठ दाण्याहून ठळकपणे कडक झाले की ती एकदम खाली येते. क्रोम या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतो. त्यात तुमच्या इंपेलरवर आणखी दोन गोष्टी घडल्या असणार. प्लेटिंगमध्ये वीज कोपऱ्यांवर आणि कडांवर एकवटते, म्हणून पात्यांच्या टोकांना क्रोम जाड आणि ठिसूळ बसतो आणि पात्यांच्या आतल्या पोकळीत जवळजवळ बसतच नाही. शिवाय खाली मऊ पोलाद आणि वर हा पातळ कडक थर म्हणजे मऊ भाकरीवरचा कडक पापुद्रा. दाणा समोरून आदळला की खालचे दबते आणि वरचे फुटते.

आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेले झिजेचे सूत्र पुष्कळांच्या तोंडी असते : भार आणि सरकलेले अंतर यांच्या प्रमाणात झीज वाढते आणि कडकपणाच्या व्यस्त प्रमाणात ती घटते. ते दोन पृष्ठे एकमेकांवर सरकतात तेव्हाचे आहे. दाण्यांच्या माऱ्याला ते तसेच्या तसे लावता येत नाही, कारण इथे दाणा कोणत्या कोनातून येतो यावर सगळे फिरते. साधे पोलाद १५ ते ३० अंशांच्या तिरप्या माऱ्यात सर्वांत जास्त खरवडले जाते. ठिसूळ आणि कडक थर मात्र काटकोनातल्या माऱ्यात सर्वांत जास्त फुटतो. तेव्हा झिजलेला इंपेलर हातात घेऊन पाहा. पात्याच्या पाठीवर लाटांसारख्या रेघा असतील तर मारा तिरपा आहे, आणि पात्याच्या पुढच्या कडेला बारीक खड्डे असतील तर तो समोरून आहे.

टंगस्टन कार्बाइडचा फवारा वाळूपुढे टिकतो, यात शंका नाही. सतलज नदीवरच्या १,५०० मेगावॉटच्या नाथपा झाकरी प्रकल्पात गाळातल्या क्वार्ट्झने टर्बाइनचे भाग खाल्ले जात, आणि तिथे हाच लेप वापरावा लागला. तरीही पाण्यातला गाळ मर्यादेबाहेर गेला की संच बंद ठेवतात. पण तो फवारा बंदुकीच्या नळीसमोर दिसते तेवढ्याच जागेवर बसतो. तुमचा इंपेलर दोन्ही बाजूंनी झाकलेला असेल तर आतल्या वाटांत बंदूक पोहोचणारच नाही आणि झीज तिथेच चालू राहील. भाड्याच्या पंपाला हा खर्च परवडेल असेही मला वाटत नाही.

रबराचे तर्कशास्त्र उलटे आहे. ते कडक नसते, ते दाण्याचा धक्का पचवून त्याला परत उडवते. बारीक रेतीला ते फार चांगले. खड्ड्यातल्या पाण्यात मात्र धारदार खडी असते, सळईचे तुकडे असतात, मिक्सरमधून गळलेले डिझेल असते, आणि यातल्या प्रत्येकाने रबर खराब होते. म्हणून तुमच्या कामाला मी लेप सुचवतच नाही. सुमारे २७ टक्के क्रोमियम असलेल्या पांढऱ्या बिडाचा इंपेलर घ्या. त्याच्या अंगातच क्रोमियम कार्बाइडचे दाणे असतात आणि ते क्वार्ट्झहून कडक असतात, आणि वरचा थर निघून जाण्याचा प्रश्नच नसतो, कारण सगळा इंपेलर एकाच जातीचा असतो. तो ठिसूळ मात्र असतो, हातोड्याने ठोकून बसवू नका.

आणि वेग कमी करा. माऱ्याने होणारी झीज वेगाच्या साधारण अडीच घाताने वाढते. फेरे २० टक्क्यांनी कमी केले तर हिशोबाने झीज ४० टक्क्यांहून जास्त उतरते. त्याची किंमत म्हणजे पाणी २० टक्के कमी येते आणि चढण्याची उंची ३६ टक्क्यांनी घटते, तेव्हा खड्डा किती खोल आहे ते पाहून ठरवा. सक्शनची नळी तळाशी टेकवून ठेवण्याची सवय तर आजच मोडा. भोके पाडलेले पिंप खड्ड्यात उभे करून, त्याच्या तळाशी खडीचा थर टाकून नळी त्यात अधांतरी ठेवली, तर निम्मी रेती पंपापर्यंत येणारच नाही.

प्रश्न : सोनेरी ड्रिल खरेच चांगले असते की तो नुसता रंग? धार लावली की सोनेरी भाग निघून जातो, मग उपयोग काय? — डिप्लोमाचा विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : खरा असेल तर तो टायटॅनियम नायट्राइडचा लेप असतो, जाडी दोन ते चार मायक्रॉन आणि कडकपणा २,००० विकर्सच्या वर. तो निर्वात कक्षात साधारण ४५० अंशांवर बसवतात, म्हणून हायस्पीड स्टीलचा कडकपणा शाबूत राहतो. जुनी रासायनिक बाष्पाची पद्धत १,००० अंशांच्या आसपास चालते, तिच्यात हे पोलाद मऊ पडले असते, म्हणून ती कार्बाइडच्या टिपांसाठी वापरतात. धार लावल्यावर टोकावरचा लेप जातो हे खरे, पण चिपा ज्या खाचेतून वर सरकतात त्या खाचेत तो राहतो आणि चिपा चिकटू देत नाही. म्हणून धार लावलेले सोनेरी ड्रिलही साध्यापेक्षा बरे चालते.

प्रश्न : स्टेनलेसचे बोल्ट आवळताना नट मधेच अडकतो, ना पुढे ना मागे, शेवटी कापावा लागतो. आटे तर नवे कोरे असतात. — मेंटेनन्स विभागातील एक वाचक, तळोजा

उत्तर : इथे गंजही नाही आणि वाळूही नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस दाबून सरकले की पृष्ठावरचा संरक्षक ऑक्साइड फाटतो आणि उघडा धातू उघड्या धातूला अक्षरशः वेल्ड होतो. निकेलयुक्त अँटीसीझ (आटे चिकटू न देणारी) पेस्ट लावा, एअर गनने न आवळता हाताने सावकाश आवळा, आणि नट शक्यतो वेगळ्या ग्रेडचा घ्या. व्हॉल्व्हच्या सीटला हाच त्रास होत असेल तर तिथे स्टेलाइटचा वेल्ड चढवतात. कोबाल्टच्या या मिश्रधातूचे पेटंट एलवुड हेन्स यांनी १९०७ मध्ये घेतले, आणि चिकटून ओरबाडण्याला तो आजही उत्तम उत्तर आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे लोखंडी स्टँड खाडीकडे तोंड करून आहे. दर दिवाळीला खरवडून रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट मारतो, पुढच्या गणपतीपर्यंत पोपडे निघतात. यंदा रंगाऱ्याने झिंकचा महागडा प्रायमर सुचवला आहे. फोटो जोडले आहेत. — सचिव, गृहनिर्माण संस्था, नेरुळ

उत्तर : झिंकचा प्रायमर चांगला, पण तो आपल्या स्टँडवर काम करणार नाही. त्यातले जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवते आणि त्यासाठी जस्ताचा कण उघड्या, स्वच्छ पोलादाला टेकलेला असावा लागतो. म्हणजे ब्लास्टिंग करून (कणांच्या जोरदार झोताने) राखाडी होईपर्यंत साफ केलेला पत्रा हवा. गच्चीवर ब्लास्टिंग होणार नाही, आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडलेल्या गंजावर तो मारला तर पैसे वाया. त्याऐवजी ग्राइंडरवरच्या तारेच्या ब्रशने जितके उजळेल तितके उजळून, गंज थोडा राहिला तरी चालणारे दोन भागांचे एपॉक्सी मॅस्टिक घ्यावे आणि वर पॉलियुरेथेनचा हात द्यावा, कारण एपॉक्सी उन्हात खडूसारखे भुरकट होते. सगळे मिळून २५० ते ३०० मायक्रॉन भरले पाहिजे. ऑइलपेंटचा एक हात जेमतेम ३० मायक्रॉनचा असतो. अँगलच्या कडा, वेल्ड आणि बोल्ट यांना आधी ब्रशने एक जादा हात द्यावा, कारण ओला रंग कडेवरून मागे सरकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

खरवडण्यापूर्वी आणि नंतरही स्टँड गोड्या पाण्याने भरपूर धुऊन घ्यावे. खाडीच्या वाऱ्याने बसलेले मीठ रंगाखाली राहिले तर ते हवेतले पाणी रंगातून आत ओढते आणि फोड उठवते. आपल्या फोटोंतले पोपडे मला तसेच दिसतात. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असल्याशिवाय ब्रश लावू देऊ नका. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांवर येतो, म्हणजे पत्रा २९ च्या वर हवा. सकाळी सातला रात्रभर थंड झालेला पत्रा त्याखालीच असतो. रंगाऱ्याला लवकर आटोपायचे असते, तरी काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी दहानंतर सुरू करून उन्हे कलण्याआधी थांबवावे.

स्टँड बदलायची वेळ आली तर गॅल्व्हनाइझ केलेले, म्हणजे जस्ताचा थर चढवलेले घ्या. ६ मिलिमीटरहून जाड पोलादावर जस्ताची सरासरी जाडी किमान ८५ मायक्रॉन असावी असे मानक सांगते. किनाऱ्यालगतच्या सी-५ वर्गातल्या, म्हणजे फार गंजवणाऱ्या हवेत पहिल्या वर्षी जस्त ४.२ ते ८.४ मायक्रॉन जाते असे धरतात, त्या हिशोबाने दहा ते वीस वर्षे निघतात. अशा हवेत उघडे पोलाद पहिल्या वर्षी ८० ते २०० मायक्रॉन गमावते. मात्र भोके, कटिंग आणि वेल्डिंग हे सगळे गॅल्व्हनाइझ करण्याआधीच उरकलेले असावे.

आणि तिसऱ्या फोटोतला डावीकडचा पाय नीट पाहा. त्याच्या प्लेटभोवती काँक्रीटला वाटीसारखा खळगा पडला आहे आणि त्यात पाणी उभे आहे. रंगाचे काम हाती घेण्याआधी तो खळगा सिमेंटने भरून बाहेरच्या बाजूला उतार काढून घ्यावा, आणि प्लेटची जाडी हातोडीने ठोकून तपासावी. आवाज भरीव न येता फुटका आला, तर टाकी आधी रिकामी करावी.